गुलाम, हक्क आणि मुलूखगिरी

अमेरिकेचा विषय निघाला की आमच्या मोहल्ल्यात दोनच सूर लागतात. २००३ साली इराकवर बॉम्ब पडू लागले तेव्हा नमाजनंतर चहाच्या टपरीवर उभे राहून अमेरिकेला शिव्याशाप देणारे आम्हीच होतो, आणि कुणाच्या पोराला तिकडे नोकरी लागली म्हणून त्याच टपरीवर पेढे वाटणारेही आम्हीच होतो. या गदारोळात अमेरिकन माणूस घडला कसा, त्याच्या हक्कांची भाषा कुठून आली आणि तिची किंमत कुणी मोजली, हे वाचायचे राहून गेले. दलित साहित्याने ते वाचन फार आधी सुरू केले. १९७२ साली मुंबईत दलित पँथर उभी राहिली तेव्हा ते नाते नावासकट जाहीर झाले. मुस्लिम मराठी साहित्याने मात्र त्या दारातून नुसते डोकावून पाहिले. आत गेलो असतो तर पहिल्याच खोलीत एक म्हातारा गुलाम अरबीत लिहीत बसलेला दिसला असता.

त्याचे नाव उमर इब्न सईद. जन्म १७७० च्या सुमाराचा, पश्चिम आफ्रिकेतल्या फुता तोरो या मुलखातला. सेनेगल नदीच्या दोन्ही काठांवरचा हा प्रदेश आज सेनेगल आणि मॉरिटानिया या दोन देशांत वाटला गेला आहे. उमरने उमेदीची पंचवीस वर्षे इल्म मिळवण्यात घालवली. १८०७ साली एक मोठे लष्कर त्याच्या मुलखावर चालून आले, पुष्कळ माणसे मारली गेली, याला समुद्रापर्यंत चालवत नेऊन गोऱ्यांना विकले, आणि दीड महिन्याच्या प्रवासानंतर तो चार्ल्सटन बंदरात उतरला. पुढच्याच वर्षी, १८०८ पासून, परदेशातून गुलाम आणायला अमेरिकेत कायद्याने बंदी आली. दार बंद होता होता जे आत ढकलले गेले त्यांतला हा एक. पहिला मालक जॉन्सन. त्याच्याविषयी उमर चारच शब्द खर्च करतो, पण त्यात माणूस उभा राहतो: बुटका, कमकुवत, दुष्ट, आणि खुदाचे भय नसलेला. त्याच्याकडून पळून उमर महिनाभर चालत राहिला, एका घरात प्रार्थनेसाठी शिरला, तिथे पकडला गेला आणि फेयटव्हिल गावच्या तुरुंगात सोळा दिवस राहिला. तुरुंगाच्या भिंतीवर त्याने कोळशाने अरबी मजकूर लिहिला अशी हकीकत त्याच्याविषयीच्या जुन्या इंग्रजी लेखनात येते. पुढे जेम्स ओवेन नावाच्या जमीनदाराने त्याला विकत घेतले. या ओवेनचा भाऊ नॉर्थ कॅरोलिनाचा गव्हर्नर होता.

१८३१ साली, साठी ओलांडलेल्या उमरने शेख हंटर नावाच्या कुणाला तरी उद्देशून पंधरा पानांत आपली जीवनकथा लिहिली. अमेरिकेतल्या गुलामाने अरबीत लिहिलेले आणि आज उपलब्ध असलेले हे एकमेव आत्मचरित्र मानले जाते. त्याचा इंग्रजी अनुवाद १९२५ साली एका इतिहासविषयक नियतकालिकात छापला गेला, मग हस्तलिखितच दिसेनासे झाले, आणि १९९५ साली व्हर्जिनियातल्या एका जुन्या पेटीत सापडले. २०१७ मध्ये ते अमेरिकेच्या लायब्ररी ऑफ काँग्रेसने घेतले आणि २०१९ मध्ये सर्वांना पाहण्यासाठी खुले केले. २०२२ साली चार्ल्सटनमध्येच, म्हणजे ज्या गावात तो विकला गेला तिथेच, त्याच्या आयुष्यावरचा ‘ओमर’ हा ऑपेरा रंगमंचावर आला आणि पुढच्या वर्षी त्याला पुलित्झर मिळाले. मेलेल्या गुलामाचा सन्मान करायला अमेरिकेला कधीच फारसे जड जात नाही.

पहिल्या वाचनात आमची निराशा झाली हे प्रामाणिकपणे सांगितले पाहिजे. पंधरा पानांत आत्मचरित्र म्हणावे असे फारच थोडे आहे. फटक्यांची वर्णने नाहीत, आईबापांचा विरह नाही, बंडाची भाषा नाही. उलट ओवेन घराण्याची तारीफ आहे: पोटभर खाऊ घालतात, कपडे देतात, मारत नाहीत. आधी लेखक माफी मागतो की आपण आपली बोली आणि अरबी पुष्कळशी विसरलो आहोत, चुकांबद्दल दोष देऊ नये. दलित आत्मकथनांवर पोसलेल्या आमच्या वाचकाला हे मिळमिळीत वाटेल. आम्हालाही वाटले.

मग आम्ही सनावळीकडे नीट पाहिले. उमर लिहीत होता त्याच्या आदल्याच वर्षी, १८३० साली, नॉर्थ कॅरोलिनाच्या विधिमंडळाने गुलामांना लिहा-वाचायला शिकवण्यावर बंदी घालणारा कायदा केला. आकडेमोड तेवढी वगळली होती, कारण हिशेब करणारा गुलाम मालकाच्या उपयोगाचा. शिकवणाऱ्या गोऱ्याला दंड किंवा तुरुंग. आणि गुलामानेच दुसऱ्या गुलामाला शिकवले तर पाठीवर ३९ फटके. बोस्टनमधल्या डेव्हिड वॉकर या स्वतंत्र काळ्या माणसाने १८२९ साली छापलेले ‘अपील’ दक्षिणेत चोरून पोचू लागले होते, त्याची ही धास्ती. १८३१ च्या ऑगस्टमध्ये शेजारच्या व्हर्जिनियात नॅट टर्नरचे बंड झाले. टर्नर हाही वाचता येणारा गुलाम. अशा वर्षात गव्हर्नरच्या घराण्यातला एक गुलाम दौत-लेखणी घेऊन बसला आहे, आणि तो काय लिहितो आहे हे घरातल्या कुणालाही वाचता येत नाही. कायद्याने अक्षरांवर पहारा बसवला तो इंग्रजी अक्षरांवर. उजवीकडून डावीकडे चालणाऱ्या अक्षरांचा विचार विधिमंडळाला सुचलाच नव्हता.

मजकुराची सुरुवात तो स्वतःपासून करीत नाही. बिस्मिल्लाह लिहून तो कुराणाची ६७ वी सूरा लिहून काढतो: सूरा अल-मुल्क. आमच्या घरांत झोपण्याआधी दादी-नानी जी ‘तबारकल्लज़ी’ पुटपुटायच्या, तीच. ११४ सूरांमधून त्याने हीच का निवडली? अला अल्रय्यीस या अभ्यासकाने २०११ मध्ये या हस्तलिखिताचा नवा अनुवाद प्रसिद्ध केला. त्यांनी दाखवून दिले आहे की ‘मुल्क’ या शब्दाच्या मुळाशी मालकी आहे, सत्ता आणि स्वामित्व आहे. ते सगळे खुदाच्या हाती, हे सांगणाऱ्या सूरेने जो गुलाम आपली कथा सुरू करतो, त्याने मालकाचे नाव येण्याआधीच मालकीचा प्रश्न निकालात काढलेला असतो. यावर कुणी म्हणेल की ही ओढाताण आहे. म्हाताऱ्याला ही सूरा तोंडपाठ होती, रात्री म्हणायची सवय होती, म्हणून लिहिली. तसेही असेल. पण जे माणूस सगळे विसरल्यावरही विसरत नाही, तेच त्याने जपलेले असते, आणि समीक्षकाने तिथे थांबायला हवे.

इथे मराठी वाचकाला एक सवलत आहे, जी इंग्रजी वाचकाला नाही. ‘मालक’ आणि ‘मुलूख’ हे दोन्ही मराठी शब्द त्याच अरबी धातूचे. एक माणसावरचा ताबा सांगतो, दुसरा जमिनीवरचा. ‘हक्क’ हा अरबी, ‘गुलाम’ही अरबी, आणि दुसऱ्याच्या प्रदेशात फौज घुसवून वसुली करण्याला आपल्या बखरींनी जो शब्द दिला तो ‘मुलूखगिरी’. अमेरिकेच्या इतिहासातले तीन मोठे विषय, गुलामांचा व्यापार, मानवी हक्कांची घोषणा आणि पश्चिमेकडचा विस्तार, इंग्रजीत तीन वेगळ्या प्रकरणांत बसवले जातात. मराठीत ते एकाच कुळातल्या शब्दांत सांगता येतात. (मराठीतून अरबी-फारसी शब्द वेचून काढा म्हणणारे एक गृहस्थ आम्हाला एका संमेलनात भेटले होते. ‘हा माझा हक्क आहे’ हे वाक्य शुद्ध करून दाखवा म्हटल्यावर त्यांनी ‘अधिकार’ सुचवला. आम्ही म्हणालो, अधिकार साहेबाला असतो, हक्क गरिबाला लागतो. संमेलनातला वाद, पुढे जेवणाची वेळ झाली.)

‘गुलाम’ या शब्दाचा मूळ अर्थ पोरगा. दक्षिण अमेरिकन संस्थानांत साठीच्या काळ्या माणसालाही ‘बॉय’ म्हणून हाक मारीत, हे ज्याला माहीत आहे त्याला हा योगायोग बोचेल. उमर म्हातारा झाल्यावर त्याला ‘अंकल मोरो’ म्हणू लागले; पोरगा किंवा काका, मधले वय गुलामाला नसतेच.

उमरच्या मजकुराशेजारी आम्ही आणखी एक पुस्तक ठेवू इच्छितो. १८३३ साली सौक जमातीचा नेता ब्लॅक हॉक याचे आत्मचरित्र छापले गेले. दुभाष्याने ऐकले, एका तरुण पत्रकाराने इंग्रजीत उतरवले, त्यामुळे त्यातला आवाज किती त्याचा आणि किती त्यांचा हा प्रश्न राहतोच. पण त्यातला एक विचार कुठल्याही दुभाष्याच्या डोक्यातून येणारा नव्हे. जमीन महान आत्म्याने लेकरांना राहायला, पिकवायला दिली, ती विकता येत नाही. उचलून नेता येईल तेवढेच विकता येते, असे तो सांगतो. १८०४ साली सेंट लुईस इथे सौक आणि फॉक्स जमातींच्या काही थोड्या प्रतिनिधींकडून अंगठे घेऊन सुमारे पाच कोटी एकर जमीन सरकारने आपल्या नावावर केली होती. मोबदल्यात दोन हजार डॉलरांच्या आसपासचा माल आणि वर्षाला हजार डॉलर. ब्लॅक हॉकचे गाव त्यात गेले. १८३२ साली तो आपली माणसे घेऊन नदी ओलांडून परत आला, त्याला सरकारी इतिहास ‘ब्लॅक हॉक युद्ध’ म्हणतो. शेवटी मिसिसिपी पार करून पळू पाहणाऱ्या बायकापोरांवर गोळ्या झाडल्या गेल्या. त्या युद्धात स्वयंसेवकांच्या एका तुकडीचा कप्तान होता अब्राहम लिंकन, ज्याला प्रत्यक्ष लढाई पाहायला मिळाली नाही. आणि पकडलेल्या ब्लॅक हॉकला तुरुंगाकडे नेणारा तरुण लष्करी अधिकारी होता जेफर्सन डेव्हिस. तीस वर्षांनी हेच दोघे गुलामीच्या प्रश्नावर फाटलेल्या अमेरिकेच्या दोन बाजूंचे राष्ट्राध्यक्ष झाले. एकाने गुलाम मुक्त केले, दुसरा गुलामीसाठी लढला. मुलूख घेण्याच्या कामावर मात्र दोघेही एकाच छावणीत होते.

उमर विचारतो माणसाचा मालक कोण, ब्लॅक हॉक विचारतो जमिनीचा मालक कोण. हे दोन वर्षांच्या अंतरातले मजकूर. दोघे एकमेकांना ओळखत नव्हते. त्यांना जोडणारी गोष्ट पुस्तकाबाहेर आहे: कापूस. १७९३ साली सरकी काढण्याचे यंत्र आल्यावर कापसाला जमीन हवी झाली आणि जमिनीला हात हवे झाले. जमीन जॉर्जिया, अलाबामा, मिसिसिपीच्या भागात होती आणि तिथे चेरोकी, क्रीक, चॉक्टॉ, चिकसॉ राहत होते. १८३० साली राष्ट्राध्यक्ष अँड्र्यू जॅक्सनने या जमातींना मिसिसिपीपलीकडे हलवण्याच्या कायद्यावर सही केली. चेरोकींची स्वतःची लिपी होती, १८२८ पासून स्वतःचे वृत्तपत्र होते, लिखित घटना होती. १८३२ साली सर्वोच्च न्यायालयाने त्यांच्या बाजूने निकालही दिला. उपयोग झाला नाही. जॉर्जियाने त्यांच्या शेतांची सोडत काढली, गोऱ्यांच्या नावाच्या चिठ्ठ्या उचलल्या. १८३८-३९ च्या थंडीत त्यांना पायी हाकलले त्यात सुमारे चार हजार माणसे मेली असे मानले जाते. मोकळ्या झालेल्या जमिनीवर व्हर्जिनिया-मेरिलँडकडचे गुलाम साखळीने बांधून आणले गेले. यादवी युद्धापर्यंत असे सुमारे दहा लाख गुलाम जुन्या संस्थानांतून नव्या मुलखात हलवले गेले. १७९० च्या जनगणनेत गुलाम होते सुमारे सात लाख. १८६० मध्ये जवळपास चाळीस लाख. परदेशातून आणणे १८०८ लाच कायद्याने बंद झाले होते, तरी संख्या वाढत गेली, कारण मुलूख वाढत गेला.

गुलामी हा अमेरिकेच्या हक्कांवरचा डाग आहे, असे आपले पुरोगामी लेखक लिहितात. डाग हा शब्द फार सोयीचा आहे, तो धुता येतो. १७७६ ची घोषणा लिहिणाऱ्या टॉमस जेफर्सनने आयुष्यभरात सहाशेहून जास्त माणसे मालकीची ठेवली, आणि त्यानेच १८०३ साली फ्रान्सकडून लुइझियानाचा अफाट प्रदेश दीड कोटी डॉलरना घेतला. जेफर्सनकडे कुराणाचे इंग्रजी भाषांतर होते, त्यावर हात ठेवून २००७ साली कीथ एलिसन या मुस्लिम लोकप्रतिनिधीने शपथ घेतली, तेव्हा आमच्या उर्दू-मराठी पत्रांनी ती बातमी केवढ्या कौतुकाने छापली होती! त्या कपाटावरची धूळ रोज कोण झटकत होते, हा प्रश्न आमच्या एकाही संपादकाला पडला नाही. आम्हालाही तेव्हा पडला नव्हता. मुद्दा असा की स्वतंत्र माणसाचा हक्क म्हणजे प्रामुख्याने मालमत्तेचा हक्क अशी ती कल्पना होती. आणि मालमत्ता म्हणजे जमीन व गुलाम. त्यामुळे हक्क जितका पक्का, तितकी साखळी पक्की. १८५७ साली ड्रेड स्कॉट खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने नेमके हेच सांगितले: काळा माणूस नागरिक नाही, आणि नव्या मुलखात गुलाम नेण्यापासून मालकाला रोखणे म्हणजे त्याच्या मालमत्तेच्या हक्कावर घाला. गुलाम, हक्क, मुलूख, तिन्ही एकाच निकालपत्रात.

फ्रेडरिक डग्लस हा या सगळ्यांत थोर लेखक, यात आम्हाला शंका नाही. त्याच्या १८४५ च्या आत्मकथेसमोर उमरची पंधरा पाने फिकी पडतात. मालक बायकोला बजावतो की याला अक्षरे शिकवू नकोस, शिकला तर गुलाम म्हणून निकामी होईल, आणि ते ऐकणाऱ्या पोराला त्याच क्षणी सुटकेची वाट कळते, हा प्रसंग सावित्रीबाई-जोतीरावांच्या पुण्यात घडला असता तरी शोभला असता. पुस्तक छापून नाव, गाव, मालक सगळे उघड केल्यामुळे त्याला पकडले जाण्याच्या भीतीने इंग्लंड-आयर्लंडला जावे लागले, आणि तिथल्या हितचिंतकांनी १८४६ साली मालकाला १५० पौंड मोजून त्याची सुटका विकत घेतली. जो हक्क जन्मसिद्ध म्हणून १७७६ पासून घोषित होता, त्याची ही पावती. १८५२ च्या ५ जुलैला रॉचेस्टरमध्ये त्याने स्वातंत्र्यदिनावर केलेले भाषण आजही वाचताना अंगावर काटा येतो. मेक्सिकोवरच्या युद्धाला त्याने आपल्या पत्रातून कडाडून विरोध केला. १८४८ साली त्या युद्धाने मेक्सिकोचा जवळपास अर्धा मुलूख गिळला, आणि मेक्सिकोने गुलामी १८२९ लाच रद्द केली होती हे डग्लस विसरला नव्हता.

पण तोच डग्लस १८७१ साली सांतो डोमिंगो हे बेट-राष्ट्र अमेरिकेला जोडावे का याची पाहणी करणाऱ्या सरकारी आयोगाचा सहायक सचिव म्हणून गेला आणि जोडण्याच्या बाजूने बोलला. काळ्या माणसाने आता मते मिळवली आहेत, हे राज्य आता आपलेही आहे, मग ते वाढले तर वाईट काय, असा तो तर्क. मूळ रहिवाशांशी तुलना करताना काळा माणूस सुधारणेला जवळ करतो आणि इंडियन तिच्यापासून दूर पळून नष्ट होतो, अशी वाक्येही त्याच्या भाषणांत आहेत. आमच्या एका तरुण मित्राने हे वाचून डग्लस ‘बाद’ केला. आम्ही करणार नाही. पण हे झाकून त्याचा फोटो भिंतीवर लावणेही आम्हाला पटत नाही. १८६६ साली काळ्या सैनिकांच्या घोडदळाच्या पलटणी उभ्या केल्या गेल्या आणि त्यांना पाठवले गेले ते पश्चिमेला, मूळ रहिवाशांविरुद्ध. आणि चेरोकींनी? त्यांच्यातल्या सधन लोकांकडे १८३५ साली सुमारे सोळाशे काळे गुलाम होते. हाकलले गेले तेव्हा तेही गुलाम त्यांच्याबरोबर चालले. १८६६ च्या तहाने त्या गुलामांना चेरोकी राष्ट्राचे नागरिकत्व मिळाले, २००७ साली चेरोकींनी मतदान करून त्यांच्या वंशजांना वगळले, आणि २०१७ मध्ये न्यायालयाने ते नागरिकत्व परत दिले. पिडलेल्याला संधी मिळाली की तो मालकाचीच वही उघडतो, ही गोष्ट आम्हा अल्पसंख्याकांना कुणी शिकवायला नको.

जोतीरावांकडे येताना आमचा हात थोडा थबकतो. १८७३ साली ‘गुलामगिरी’ त्यांनी अमेरिकेतल्या सदाचारी जनांना अर्पण केले, काळ्यांना दास्यमुक्त करण्यासाठी त्यांनी दाखवलेल्या औदार्याबद्दल आणि आपल्या देशबांधवांनी तो कित्ता गिरवावा म्हणून. पुण्यातला एक माळी समाजातला लेखक सातासमुद्रापलीकडच्या गुलामाशी शूद्रातिशूद्राचे नाते जोडतो, ही एकोणिसाव्या शतकातल्या मराठी गद्यातली सर्वांत दूरची झेप. शीर्षकासाठी त्यांनी ‘दास्य’ न घेता ‘गुलामगिरी’ घेतले, हेही आम्हाला सूचक वाटते. संतांनी ‘दास’ शब्द इतका गोड करून ठेवला आहे की त्यात विकणारा-घेणारा दिसत नाही. (आम्ही तरी कुठे मागे आहोत? गुलाम रसूल, गुलाम मोहम्मद, अब्दुल अमुक, अब्दुल तमुक. उमरच्या पाठीवर जो शब्द होता तो आम्ही बारशाला वाटतो.)

तरी अर्पणपत्रिका आज वाचताना दोन गोष्टी जाणवतात. ऋण मानले आहे ते सोडवणाऱ्यांचे. स्वतः सुटण्यासाठी लढलेले, पळालेले गुलाम आणि उत्तरेच्या फौजेतले सुमारे १,८०,००० काळे सैनिक त्यात नाहीत. आणि ज्या वर्षी ती छापली गेली त्याच १८७३ च्या एप्रिलमध्ये लुइझियानातल्या कोलफॅक्स गावी निवडणुकीच्या वादातून गोऱ्यांच्या टोळीने किमान साठ काळी माणसे मारली, बरीचशी शरण आल्यानंतर. त्या खटल्यातल्या दोषींना १८७६ साली सर्वोच्च न्यायालयाने सोडले. १८७७ मध्ये उत्तरेची फौज दक्षिणेतून निघाली आणि मुक्त झालेल्या माणसाचे हक्क पुढची नव्वदेक वर्षे कागदावर राहिले. जोतीरावांपर्यंत यातले काय पोचले असेल सांगता येत नाही, आणि त्यांना दोष देण्याचा प्रश्नच नाही. त्यांना इथल्या भटशाहीसमोर धरायला एक आरसा हवा होता, तो त्यांनी अमेरिकेतून आणला. त्याच अमेरिकेकडे मुंबई कशी पाहत होती? यादवी युद्धात दक्षिणेचा कापूस अडला तेव्हा वऱ्हाड-खानदेशच्या कापसाला सोन्याचा भाव आला, मुंबईत शेअरचा जुगार पेटला. १८६५ मध्ये युद्ध संपले आणि पेढ्या कोसळल्या. गुलाम सुटल्याची बातमी मुंबईच्या बाजारात दिवाळे निघाल्याची बातमी म्हणून आली होती. पुण्यातल्या एका माणसाला मात्र तिचा खरा अर्थ कळला. अर्पणपत्रिकेचे मोल आमच्या लेखी यामुळे वाढते. फक्त ती अमेरिकेला दिलेले प्रशस्तिपत्र म्हणून वाचू नये.

आता घरचा हिशेब. हा विषय आमच्या बैठकीत काढला की कुणी ना कुणी म्हणतोच, आपल्याकडे गुलाम वजीर व्हायचा, मलिक अंबर पाहा. अंबर हबशी मुलखातून विकला गेला, अहमदनगरच्या निजामशाहीचा सूत्रधार झाला, जमीन महसुलाची घडी बसवली, १६२६ साली मानाने मेला. सगळे खरे. पण एक अंबर सांगण्यासाठी बाकीच्या किती बेनाम हबशांना गप्प करावे लागते? विकत घेतलेल्याला वजिरी मिळाली म्हणून खरेदीखत पवित्र होत नाही. उमर स्वतः लिहितो की तो दर साली जिहादला जात असे. त्या काळी त्या भागातल्या लढायांत पकडलेली माणसे विकली जात. त्याच्या हातून कुणी पकडले गेले का, त्यांचे काय झाले, यावर पंधरा पाने गप्प आहेत. आणि फुता तोरोचा जो काठ आज मॉरिटानियात आहे, तिथे गुलामी कायद्याने रद्द व्हायला १९८१ साल उजाडले, तिला गुन्हा ठरवायला २००७. दोष अमेरिकेचा सांगताना जीभ जितकी चालते तितकी इथेही चालली पाहिजे.

उमर आतून मुसलमानच राहिला होता का, हा आमच्या वाचकाचा आवडता प्रश्न असणार. १८२० च्या सुमारास त्याचा बाप्तिस्मा झाला. जीवनकथेत तो लिहितो की पूर्वी आपण अल्-फातिहा म्हणून प्रार्थना करीत असू, आता येशूने शिकवलेली प्रार्थना म्हणतो. आणि दोन्ही लिहून दाखवतो. गोऱ्या मिशनऱ्यांनी त्याला धर्मांतराचा नमुना म्हणून मिरवले. आता आम्ही त्याला छुपा मोमिन म्हणून मिरवायचे, म्हणजे पुन्हा त्याच्यावर कुणाची तरी मालकी आलीच. तो यादवी युद्ध चालू असताना, वयाची नव्वदी ओलांडून, गुलाम म्हणूनच मेला. मालकाच्या छपराखाली लिहिलेल्या वाक्यात मनातले किती असते हे ठरवायला आमच्याकडे मापच नाही. त्याचा मौनही मजकुराइतकाच वाचावा, इतकेच.

हे वाचन मुळात आम्ही इंग्रजीच्या आधाराने केले आहे, ही या लेखाची मोठी उणीव. आमच्यात अरबी जाणणारे मदरशात आहेत आणि मराठी लिहिणारे संमेलनात, दोघे एका दस्तरखानावर बसत नाहीत. पंधरा पानांचे काम आहे; एखाद्या आलिमने आणि एखाद्या कवीने मिळून रमजानच्या सुट्टीत केले तरी होईल. उमरच्या हातचा शेवटचा ज्ञात कागद १८५७ चा आहे, नॉर्थ कॅरोलिनातल्या विद्यापीठात ठेवलेला. त्यावर कुराणाची ११० वी सूरा, अन्-नस्र, लिहिलेली आहे. कागदाच्या पाठीवर कुणीतरी इंग्रजीत नोंद करून ठेवली आहे की ही येशूची प्रार्थना.